वाचली नाहीत ना?

१९८७ सालची गोष्ट आहे. मी एस.टी.नं गावी चाललो होतो. शेजारी बसलेले गृहस्थ मधल्याच एका थांब्यावर घाईघाईनं उतरले आणि त्यांची खिशात मावणारी डायरी सीटच्या फटीत राहून गेली. माझ्या लक्षात आलं तोवर गाडी पूल ओलांडून पलीकडे गेली होती. पहिल्या पानावर नाव होतं, पत्ता होता. पत्ता मिळाल्यावर डायरी मिटून ठेवायला हवी होती. मी ती मिटली नाही. दोन रात्री दिव्याखाली बसून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि तिसऱ्या दिवशी नेऊन दिली. बस कुठली, गाव कुठलं, हे मी मुद्दामच सांगत नाही. कारण पुढे कळेल.

ही हकीकत आजवर मी ज्या ज्या लोकांना सांगितली, त्यांतल्या प्रत्येकानं पहिला प्रश्न एकच विचारला. 'काय होतं हो त्यात?' तुम्ही का वाचलीत, असं कुणीही विचारलं नाही. तुमच्याही मनात आत्ता तोच प्रश्न आला असेल, तर संकोचू नका. या एका प्रश्नावर ज्यांनी आपली सगळी कला उभी केली अशा काही माणसांविषयीच आज बोलायचं आहे.

या कलेला परफॉर्मन्स आर्ट म्हणतात. मराठीत कुणी तिला सादरीकरणाची कला म्हणतं, कुणी प्रयोगकला. पण आपल्याकडे 'प्रयोग' म्हटलं की तिसरी घंटा आणि मखमली पडदा आठवतो, आणि हे तर नाटक नव्हे. नाटकात नट दुसऱ्याचं दुःख आपल्या अंगावर घेऊन दाखवतो आणि पडदा पडला की तोंड धुऊन घरी जातो. इथे भूमिका नाही, संहिता नाही. कलावंत स्वतःच्याच नावानं, स्वतःच्याच शरीरानं काहीतरी करतो. काय करायचं याचा एक नियम तो आधी ठरवून घेतो आणि मग तो नियम नेईल तिकडे जातो. मागे उरतात ते फोटो, टिपणं, ध्वनिफिती. पुढे संग्रहालयात आपण पाहतो ते हे उरलेलंच.

शाळेत चित्रकला शिकवण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. फळ्यावर मडकं काढा, मडक्याची सावली काढा, हा माझा धंदा. त्यामुळे एका माजी विद्यार्थिनीनं या मंडळींची पुस्तकं प्रथम माझ्यापुढे टाकली तेव्हा मी ती चाळून परत केली आणि 'ही थेरं आहेत' असं सांगितलं. ती म्हणाली, 'सर, थेरं आहेत का ते नंतर ठरवा. आधी नीट वाचा तरी.' ते वाचताना मला ती डायरी आठवली.

सुरुवात न्यूयॉर्कपासून करू. व्हिटो अकाँची नावाचा एक तरुण कवी होता. कागदावरच्या कवितेचा त्याला कंटाळा आला असावा. ३ ते २५ ऑक्टोबर १९६९ या दिवसांत त्यानं एक काम केलं. रोज रस्त्यावरचा कुणीही एक अनोळखी माणूस निवडायचा आणि त्याच्या मागे चालत राहायचं. तो माणूस घरात, कचेरीत, म्हणजे परक्याला शिरता येत नाही अशा जागी गेला की थांबायचं. बस, एवढाच नियम. एखादा पाठलाग काही मिनिटांत संपे, एखादा तासन् तास चाले. तो सिनेमाला गेला तर अकाँचीही सिनेमाला. बोलायचं नाही, काही करायचं नाही. कुठे जायचं हे अकाँची ठरवत नव्हता, पुढचा माणूस ठरवत होता. एका अर्थी मागे चालणाराच पुढच्याच्या ताब्यात गेला होता.

मला यातलं थांबणं महत्त्वाचं वाटतं. दार आलं की पाय अडला. याच अकाँचीनं १९७२ साली एका कलादालनाच्या उताराच्या लाकडी फळ्यांखाली लपून, वरून चालणाऱ्या लोकांना उद्देशून ध्वनिक्षेपकावर जे काही केलं आणि बोलला, ते रविवारच्या पुरवणीत छापण्यासारखं नाही. मुद्दा एवढाच, की तिथे वर चालणाऱ्याला कळतच नव्हतं की चोरून कोण कुणाला पाहतंय.

आता सोफी काल. माझ्या मते या विषयातली खरी मोठी बाई हीच. जन्म पॅरिसचा, १९५३ सालचा. तरुणपणी बरीच वर्षं देशोदेशी भटकून ती १९७९ च्या सुमारास पॅरिसला परतली. ना ओळखी उरलेल्या, ना काम. दिवस कसा घालवायचा हे कळेना, म्हणून रस्त्यावरच्या अनोळखी लोकांच्या मागे जाऊ लागली. तेच आपल्याला शहर दाखवतील, असा हिशेब. कलावंत व्हायचं तेव्हा डोक्यातही नव्हतं. त्याच वर्षी तिनं ओळखीच्या-अनोळखी माणसांना आपल्या पलंगावर आळीपाळीनं आठ-आठ तास येऊन झोपायला सांगितलं आणि शेजारी बसून त्यांचे फोटो काढले. एका झोपणारीचा नवरा कलासमीक्षक निघाला. बायकोनं घरी जाऊन सांगितलं, तो चौकशी करत आला आणि ते फोटो १९८० साली पॅरिसमधल्या एका मोठ्या प्रदर्शनात लागले. बाई कलावंत झाली ती अशी.

त्याच १९८० साली एका माणसाच्या मागे जाताजाता तिनं त्याला गर्दीत हरवलं. योगायोग असा, की त्याच संध्याकाळी एका समारंभात कुणीतरी तिची त्याच्याशीच ओळख करून दिली. बोलता बोलता तो म्हणाला, मी व्हेनिसला निघालोय. ही त्याच्यामागे व्हेनिसला. सोनेरी केसांचा टोप घातला, कॅमेऱ्याला आरशांचा असा जोड लावला की समोर रोख धरल्यासारखा दिसे पण फोटो बाजूचा निघे. तो कुठे उतरलाय हे शोधायला एकामागून एक हॉटेलांना फोन केले. शेवटी त्यानं तिला ओळखलं. टोपाखालूनही डोळे लपले नव्हते. पुढच्या वर्षी ती पुन्हा व्हेनिसला गेली आणि एका हॉटेलात तीन आठवडे खोल्या झाडणारी बाई म्हणून नोकरीला लागली. बारा खोल्या तिच्याकडे होत्या. चादरी बदलताना ती पाहुण्यांच्या बॅगा उघडून बघे, पत्रं वाचे, टाकलेल्या वस्तूंचे फोटो काढी.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, ही कला नव्हे, हा आगाऊपणा आहे. मीही म्हणालो होतो. पण आपल्याकडच्या वाड्यात, चाळीत वाढलेल्या माणसानं हे फार मोठ्या आवाजात म्हणू नये. आमच्या चाळीत शेजारच्या खोलीतली शिंक इकडे ऐकू येई. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचा डबा परत गेला, कुणाची मनीऑर्डर या महिन्यात आली नाही, हे सामाईक गॅलरीत उभं राहिलं की कळे. पोस्टकार्ड तर पोस्टमनसकट चौघे वाचत. फरक इतकाच, की आमचं ते पाहणं दुतर्फा होतं. मला शेजाऱ्याचं ठाऊक, शेजाऱ्याला माझं. सोफी कालच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना मात्र आपली बॅग कुणी उघडली याचा पत्ताच नव्हता.

हे तिलाही जाणवलं असावं. कारण त्याच १९८१ साली तिनं आईला सांगितलं, की एका खासगी गुप्तहेराला पैसे दे आणि माझ्या मागावर सोड. आईनं सोडला. एक दिवसभर ती पॅरिसभर फिरली, आपल्या आवडीच्या जागा त्या अनोळखी माणसाला दाखवत फिरल्यासारखी. प्रदर्शनात दोन टिपणं शेजारी लागली. एक गुप्तहेराचं कोरडं, वेळेवार. दुसरं तिचं, तोच दिवस आतून सांगणारं. शिवाय एका मित्राला तिनं त्या गुप्तहेराचेही फोटो काढायला लावले होते! पाळत ठेवणाऱ्यावर पाळत. मला हे काम आवडतं. जे दुसऱ्यांना लावलं तेच माप तिनं इथे स्वतःला लावलं.

पण १९८३ चं काम मला आवडत नाही, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पॅरिसच्या एका रस्त्यावर तिला कुणाची तरी पत्त्यांची वही सापडली. तिनं ती परत पाठवली, पण आधी सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढून घेतल्या. मग वहीतल्या लोकांना एकेक करून फोन केले, भेटली, आणि या माणसाविषयी तुम्हाला काय वाटतं, असं विचारत गेली. तो स्वतः तेव्हा परदेशात होता. जे कळलं ते 'लिबेरासियाँ' या दैनिकात ऑगस्ट महिन्यापासून रोज छापून येऊ लागलं. अठ्ठावीस हप्ते. नाव अर्धंच छापलं होतं, पण ओळखणाऱ्यांनी ओळखायचं ते ओळखलं. परत आल्यावर तो माणूस संतापला. कोर्टाची धमकी दिली. आणि आणखी एक गोष्ट केली. सोफी कालचा एक नग्न फोटो त्यानं कुठून तरी मिळवला आणि वृत्तपत्रानं आता तो छापावा, अशी मागणी केली. म्हणजे तू मला उघडं केलंस, आता तुझी पाळी. अखेर तो हयात असेतो याचं पुस्तक करायचं नाही असं ठरलं. ते इंग्रजीत पुस्तकरूपानं निघालं २०१२ साली, त्याच्या मृत्यूनंतर.

कलेच्या पुस्तकांतून या वहीचं फार कौतुक होतं. एका माणसाचं त्याच्या अनुपस्थितीत काढलेलं चित्र, वगैरे. खरंच ते चित्र सुरेख उतरलंय. पण मास्तरकीच्या सवयीनं मी विचारतो, की मॉडेलला विचारलं होतं का? वर्गात एखाद्या शिपायाला स्टुलावर बसवून चित्र काढतानाही आम्ही आधी विचारायचो. फ्रान्समध्ये १९७० पासूनच नागरी कायद्यात खासगी आयुष्याच्या आदराचा हक्क लिहिलेला आहे, त्यामुळे त्या माणसाची धमकी पोकळ नव्हती. आपल्याकडे हा हक्क मूलभूत आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखानं सांगितलं ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. त्याआधी २०१३ साली फौजदारी कायदा बदलला आणि स्त्रीला एकांतात चोरून पाहणं, तिचा पाठलाग करणं हे वेगळे गुन्हे ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलमं ७७ आणि ७८ म्हणून आहेत. कलेसाठी केलं, अशी सवलत त्यांत लिहिलेली नाही, आणि नसावी असंच मला वाटतं.

मग ही बाई मोठी कशी, असं विचाराल. त्यासाठी नवी दिल्लीला यावं लागेल.

१९८४ साली सोफी कालला जपानला जायची तीन महिन्यांची शिष्यवृत्ती मिळाली. तिचं ज्याच्यावर प्रेम होतं त्याला हे जाणं पसंत नव्हतं. इतके दिवस मी वाट पाहीनच असं नाही, असं त्यानं बजावलं होतं. तरी ती निघाली. विमानाची घाई नको म्हणून रशियातून, चीनमधून रेल्वेनं गेली. परतीच्या वाटेवर दोघांनी नवी दिल्लीत भेटायचं ठरलं होतं. जानेवारी १९८५. ती इंपीरियल हॉटेलात २६१ नंबरच्या खोलीत उतरली. तो आला नाही. आला तो निरोप. अपघात झालाय, दवाखान्यात आहे, येऊ शकत नाही. ती रात्रभर त्या खोलीतला लाल टेलिफोन फिरवत बसली. ट्रंक कॉलचा काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना ती रात्र वेगळी सांगायला नको. शेवटी पहाटेच्या सुमाराला तो सापडला. दवाखान्यात नव्हे, घरीच. अपघात म्हणजे बोटाला नखुरडं झालं होतं. आणि दुसरी कुणीतरी भेटली होती.

नखुरडं! जगातल्या कुठल्याही शोकांतिकेत नायकाला नखुरडं झालेलं मी वाचलेलं नाही. दुःख मोठं आणि कारण एवढंसं, याची जी लाज वाटते ती त्या एका तपशिलात आहे.

पॅरिसला परतल्यावर तिनं ठरवलं, की हे सांगायचं. भेटेल त्याला सांगायचं. पण फुकट नाही. समोरच्यानंही आपल्या आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख सांगायचं. देवाणघेवाण. असं सुमारे तीन महिने चाललं. मित्र, ओळखीचे, अनोळखी. कुणी मृत्यू सांगितला, कुणी फसवणूक, कुणी एखादाच शब्द जो विसरता आला नव्हता. आणि दर वेळी ही आपली २६१ नंबरची खोली, लाल टेलिफोन, नखुरडं. हळूहळू तिची गोष्ट आखूड होत गेली. सुरुवातीला पानभर, मग अर्धं पान, मग काही ओळी. सांगून सांगून ती तिलाच कंटाळवाणी वाटू लागली. ज्या दिवशी ती संपली त्या दिवशी तिनं थांबवलं. मग तिला भीती वाटली, की याचं काही करायला घेतलं तर दुखणं उलटेल. म्हणून सगळं बांधून ठेवलं आणि पंधरा वर्षांनी बाहेर काढलं. फ्रेंचमध्ये त्याचं पुस्तक २००३ साली निघालं.

प्रदर्शनात हे सगळं कापडावर भरतकामानं लिहिलेलं आहे. तिची गोष्ट गडद कापडावर, आणि दिवसागणिक धाग्याचा रंग आणखी गडद होत जातो, इतका की शेवटी अक्षरं कापडात मिसळून जातात आणि वाचता येत नाहीत. शेजारी पांढऱ्या कापडावर दुसऱ्यांची दुःखं काळ्या धाग्यानं, स्वच्छ वाचता येतील अशी. पहिल्या भागात प्रवासाचे फोटो आहेत, त्यांवर लाल शिक्के. दुःखाला अजून ब्याण्णव दिवस, एक्क्याण्णव दिवस, नव्वद. फोटोतल्या बाईला पुढे काय आहे ते ठाऊक नाही, आपल्याला आहे. या कामात चोरून पाहणं पाहणाऱ्याच्याच वाट्याला येतं.

कबुलीचं इतकं नेमकं शास्त्र मी दुसरीकडे पाहिलं नाही. गोष्ट एकदा सांगून मोकळं होता येत नाही. ती झिजवावी लागते, दगडावर चंदन उगाळावं तशी. आणि समोरच्यानं नुसतं ऐकून चालत नाही, त्यालाही काहीतरी ठेवावं लागतं.

आपल्याकडे या देवाणघेवाणीचा उलटा नमुना आहे. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली रंगभूमीवर आलं. सुलभा देशपांडे यांची बेणारेबाई ज्यांनी पाहिली ते अजून तिच्याबद्दल आवाज खाली करून बोलतात. वेळ घालवायला मंडळी खोट्या कोर्टाचा खेळ मांडतात आणि खेळाच्या नियमात राहूनच एका बाईचं खासगी आयुष्य बाहेर ओढतात. बाकीच्यांपैकी कुणीही स्वतःचं काही ठेवत नाही. ते नाटक आहे, परफॉर्मन्स आर्ट नव्हे. पण 'गंमत म्हणून खेळू या' या चार शब्दांत किती क्रौर्य मावतं, हे मराठी प्रेक्षकाला सोफी कालच्या आधीपासून ठाऊक होतं.

आता रेडिओशी नातं सांगणारं एक काम. हे भाषण ध्वनिमुद्रित करताना मी एका बंद खोलीत बसलो होतो. समोर कुणी नाही, नुसतं यंत्र. अशा वेळी माणूस सहज खरं बोलून जातो. न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन ब्रिज या कलावंतानं हे ओळखलं होतं. सुतारकामावर पोट भरणारा माणूस. दुकानांतून वस्तू उचलायची त्याला सवय होती आणि ती त्याला खात होती. १९८० साली त्यानं शहरात भित्तिपत्रकं लावली. त्यांचा आशय असा, की तुम्ही कुणाचं काही वाईट केलं असेल तर या नंबरवर फोन करा आणि माफी मागा. पोलिसांची नव्हे, ज्यांचं नुकसान केलंत त्यांची. नाव सांगू नका, आणि माग लागू नये म्हणून सार्वजनिक फोनवरून करा. पलीकडे उत्तर देणारं यंत्र होतं. फोन येत राहिले. किरकोळ चोऱ्या, व्यभिचार, आईबापांशी वागलेलं, आणि मधूनच अंगावर काटा आणणारं काहीतरी. पुढे फोन करणाऱ्यांना दुसऱ्यांच्या कबुल्या ऐकण्याचीही सोय झाली. खऱ्या-खोट्याची शहानिशा करायची सोय नव्हतीच. लोक त्याला मिस्टर अपॉलॉजी म्हणत, खरं नाव फारच थोड्यांना ठाऊक. एका प्रदर्शनापुरतं सुरू केलेलं हे काम पंधरा वर्षं चाललं. १९९५ साली समुद्रात स्कूबा डायव्हिंग करताना जलस्कूटरच्या धडकेनं तो गेला आणि ते बंद पडलं.

अलीकडचं एक काम मात्र मला फार हुशारीचं वाटतं. हसन इलाही हा बांगलादेशात जन्मलेला अमेरिकी कलावंत. २००२ साली परदेशातून परतताना डेट्रॉइटच्या विमानतळावर त्याला अडवलं. आदल्या सप्टेंबरनंतर आशियाई चेहऱ्याच्या माणसाला अमेरिकेत काय सोसावं लागलं ते आपल्याला माहीत आहे. मग काही महिने एफबीआयच्या चौकश्या, खोटं पकडणारी यंत्रं. काहीच निघालं नाही. पुन्हा संशय नको म्हणून प्रवासाला निघताना तो स्वतःच त्या अधिकाऱ्यांना कळवू लागला. मग म्हणाला, कळवायचंच तर सगळंच कळवतो. मी कुठे आहे, काय जेवलो, कुठल्या विमानतळावर बसलोय, अगदी कुठल्या शौचालयात गेलो, सगळ्याचे फोटो त्यानं सर्वांसाठी खुले केले. हजारो, हजारो फोटो. त्यांत तो स्वतः कुठेच दिसत नाही. इतकं सगळं समोर टाकलं की शोधणाऱ्याच्या हाती माणूस लागत नाही. आमच्या आईची तऱ्हा आठवली. दागिना लपवायचा तर कपाटात नाही, तांदळाच्या पिंपात.

आता हे सगळं जुनंच वाटावं असे दिवस आलेत. टीव्हीवर 'बिग बॉस' हिंदीत २००६ पासून आणि मराठीत २०१८ पासून पाहणाऱ्यांना कन्फेशन रूम काय असते ते मी सांगायला नको. खिशातल्या फोननं प्रत्येकाला सोफी काल केलंय आणि प्रत्येकाला तिच्या वहीचा मालकही. गोव्यातून काम करणारे आपले निखिल चोप्रा कित्येक दिवस चालणाऱ्या प्रयोगांत लोकांसमोर झोपतात, उठतात, दाढी करतात, कपडे बदलतात आणि मोठाली चित्रं काढत राहतात. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्यांनी हे नऊ दिवस केलं. त्यांच्याविषयी एक वेगळं भाषणच व्हायला हवं.

सोफी कालनं २००७ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात आणखी एक प्रेमभंग मांडला. त्यानं ई-मेलनं संबंध तोडला होता आणि शेवटी 'स्वतःची काळजी घे' असं लिहिलं होतं. तिनं तो मेल १०७ जणींना दिला आणि आपापल्या धंद्याच्या नजरेनं वाचायला सांगितलं. वकील, न्यायाधीश, नर्तकी, बुद्धिबळपटू. नेमबाज बाईनं त्यावर गोळ्या झाडल्या. एका काकाकुव्यानं कागदच चावून टाकला, त्यालाही १०७ मध्ये धरलंय! मला अर्थातच मुद्रितं तपासणाऱ्या बाईंचं काम आवडलं. मेलच्या भाषेतल्या चुका काढल्या त्यांनी. हसू येतं खूप. पण १०७ विरुद्ध एक हा सामना मला शेवटपर्यंत बरा वाटला नाही.

त्याच प्रदर्शनात दुसरीकडे तिच्या आईची चित्रफीत होती. व्हेनिसचं आमंत्रण आणि आईचा आता महिनाच उरलाय ही बातमी, दोन्ही फोन एकाच दिवशी आले होते. आपण खोलीत नसताना आई काही बोलली तर, या भीतीनं तिनं आईच्या उशाशी कॅमेरा लावून ठेवला. मुलीनं आपल्यावर काम करावं असं आईला वर्षानुवर्षं वाटत होतं, आणि कॅमेरा दिसल्यावर, आली एकदाची माझी पाळी, अशा अर्थाचं ती म्हणाली म्हणे. हीच ती आई, जिनं गुप्तहेर लावला होता. चित्रफितीत शेवटचे काही क्षण आहेत. श्वास नेमका कधी थांबला हे शेजारी उभ्या असलेल्यांना कळत नाही आणि कॅमेऱ्यालाही नाही.

हे पाहून एकजण माझ्यापाशी म्हणाला, 'मरणाचंही प्रदर्शन!' मी काही बोललो नाही. माझी आई गेली तेव्हा मी औषध आणायला खाली उतरलो होतो. सात-आठ मिनिटांचं काम. ती काही म्हणाली का, हे मी नंतर शेजारच्या खाटेवरच्या बाईंना विचारलं. त्यांचा डोळा लागला होता.

तर ती डायरी. तिच्यात काय होतं ते मी कुणालाही सांगितलेलं नाही, आजही सांगणार नाही. एवढंच सांगतो, की त्या गृहस्थांच्या घरी एक मोठं दुःख होतं आणि ते त्यांनी कुणाजवळही बोललेलं नव्हतं. हे त्यातच लिहिलं होतं. मी गेलो तेव्हा त्यांनी आग्रहानं बसवून घेतलं. चहा झाला. भिंतीवर एक फोटो होता. तो कुणाचा, हे मला ठाऊक होतं आणि तरी मी विचारलं नाही, कारण विचारताना माझा चेहरा सांगून गेला असता. एखादा बरा शब्द बोलावा असं फार वाटत होतं. पण बोललो असतो तर वाचल्याचं कळलं असतं. म्हणून मी पावसाबद्दल बोललो.

निघताना ते दारापर्यंत आले. डायरी हातातच होती. म्हणाले, 'वाचली नाहीत ना?'

'छे हो,' मी म्हटलं, 'पत्त्यापुरतं पहिलं पान तेवढं.'

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि 'बरं' म्हणाले. सुटल्यासारखं म्हणाले की हिरमुसून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या वेळी ते पन्नाशीचे असतील. आज हयात असतील-नसतील. सकाळी रेडिओ लावायची सवय त्यांना होती, कपाटावर ट्रान्झिस्टर होता. ऐकत असाल तर सांगतो. वाचली होती. सगळी.